आपल्या गावापासून सुरू होणारे नकाशे

नकाशाची वेबसाइट वर्गात चालणार की नाही, हे मी एकाच गोष्टीवरून ठरवते. मुलांना तिच्यात आपलं गाव शोधून तिथूनच सुरुवात करता येते का? येत असेल तर तास संपल्याची घंटा झाली तरी पोरं जागची हलत नाहीत. नुसता रंगीबेरंगी देखावा असेल तर पाच मिनिटं ‘अरे वा’ होतं आणि मागच्या बाकांवर कुजबुज सुरू होते.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका मराठी माध्यमाच्या हायस्कूलमध्ये आठवी ते दहावीला भूगोल शिकवते. प्रोजेक्टर एक, लॅपटॉप जुना, नेट माझ्याच फोनच्या हॉटस्पॉटवरचं. खाली लिहिलंय ते सगळं याच सामग्रीवर वापरलेलं आहे. बहुतेक साइट फुकट आहेत आणि लॉगिनही मागत नाहीत. जिथे पैसे किंवा खातं लागतं तिथे तसं सांगितलं आहे. बाहेरच्या जिल्ह्यांतले भूगोलाचे शिक्षक आणि घरी मुलांना घेऊन बसणारे पालक, दोघांनाही उपयोग व्हावा असं वाटतं.

माझी सगळ्यात आवडती साइट म्हणजे ‘रिव्हर रनर’. सॅम लर्नर या अमेरिकन प्रोग्रामरने २०२१ मध्ये ती केली. आधी फक्त अमेरिकेपुरती होती, मग जगभरासाठी आली. नकाशावर कुठेही क्लिक करायचं. तिथे पावसाचा थेंब पडला असं धरून तो उताराने ओढ्यात, ओढ्यातून नदीत आणि नदीतून समुद्रात कसा जाईल याची वाट ती काढते आणि मग त्या वाटेवरून आपल्याला डोंगरदऱ्यांच्या अंगाने उडत घेऊन जाते.

पहिला थेंब मी नेहमी महाबळेश्वरला टाकते. थोडा पूर्वेकडे टाकला की तो कृष्णेत उतरतो. वाई येते, साताऱ्याजवळ संगम माहुलीला वेण्णा मिळते, कऱ्हाडला कोयना, मग सांगली, नरसोबाची वाडी, पुढे कर्नाटकात अलमट्टी, आंध्रात श्रीशैलम, नागार्जुनसागर, विजयवाडा, आणि साधारण चौदाशे किलोमीटरांनंतर बंगालचा उपसागर. मग दुसरा थेंब ऑर्थर सीटच्या कड्यापलीकडे, बोटाच्या पेराएवढा पश्चिमेला. तो सावित्रीत पडतो, महाडवरून बाणकोटच्या खाडीत जातो आणि अरबी समुद्राला मिळतो. जलविभाजक, म्हणजे ज्याच्या दोन बाजूंचं पाणी वेगवेगळ्या दिशांना वाहतं तो उंचवटा, ही व्याख्या फळ्यावर लिहून मी कितीतरी वर्षं पाठ करून घेतली, पण हे दोन थेंब एकापाठोपाठ पाहिल्यावर ती कोणालाच पाठ करावी लागत नाही. जुन्या महाबळेश्वरातलं पंचगंगेचं देऊळ सगळ्यांनी सहलीत पाहिलेलं असतं. तिथल्या पाच नद्यांपैकी सावित्री वेगळ्या वाटेने जाते, हे इथे डोळ्यांदेखत घडतं.

खरी गंमत नंतर येते. प्रत्येकाला आपल्या गावावर थेंब टाकायचा असतो. दहिवडीहून आमच्याकडे शिकायला आलेल्या एका मुलीचा थेंब माणगंगेतून भीमेत गेला, पंढरपुराच्या पुढे निघाला आणि रायचूरजवळ कृष्णेला मिळाला. “बाई, म्हणजे आमचं पाणी पण शेवटी कृष्णेतच?” असं तिने विचारलं. तोवर तिच्या मनात कृष्णा म्हणजे वाई-कऱ्हाडकडच्या लोकांची नदी होती. कोयनेच्या खोऱ्यातला एक मुलगा लगेच म्हणाला, “मग आपलं पाणी तिकडं भेटतंय की!” नदीप्रणालीवर मी याहून चांगला धडा देऊ शकले नसते.

पण या साइटची मर्यादा शिक्षकाने सांगायलाच हवी. तिला जमिनीचा उतार कळतो, धरण, कालवा, बोगदा कळत नाही. कोयनेवर टाकलेला थेंब ती निमूटपणे कऱ्हाडला नेते. प्रत्यक्षात १०५ टीएमसी क्षमतेच्या शिवसागराचं, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाचं, बरंचसं पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेला उतरतं, पोफळीच्या बाजूला वीज करतं आणि वाशिष्ठीतून चिपळूणकडे जातं. निसर्गाने पूर्वेकडे धाडलेलं पाणी माणसाने पश्चिमेकडे वळवलं, हे सांगायला तर मला ही मर्यादाच कामाला येते. आधी साइटला तिची वाट दाखवू द्यायची, मग नकाशा थांबवून विचारायचं: हे पाणी खरंच इथून जातं का? दुसरी अडचण नावांची. लहान ओढ्यानाल्यांना बहुधा नाव नसतं आणि जी नावं आहेत ती इंग्रजीत. आणि तिसरी, उडणारं दृश्य सुरळीत दिसायला बऱ्यापैकी संगणक आणि बरं नेट लागतं. फोनवर मजा निम्मी होते.

दुसरी साइट ‘सनकॅल्क’. नाव ऐकून कोरडी वाटते, दिसायलाही साधीच आहे. पण उपयोगाच्या बाबतीत मी तिला रिव्हर रनरच्या खांद्याला खांदा लावून उभी करीन. नकाशावर जागा निवडायची, तारीख आणि वेळ द्यायची. त्या जागेवरून सूर्य कुठल्या दिशेला उगवतो, कुठे मावळतो, त्या क्षणी किती अंशांवर आहे हे ती रेषा काढून दाखवते. पिवळा पट्टा म्हणजे सूर्याच्या वर्षभरातल्या वाटांचा पसारा आणि त्यातली बारीक वक्ररेषा म्हणजे निवडलेल्या दिवसाची वाट. एखाद्या वस्तूची उंची टाकली तर सावलीची लांबीही देते. हिच्या दोन आवृत्त्या आहेत. मूळची व्लादिमीर अगाफोन्किन या युक्रेनियन प्रोग्रामरची, आणि तिच्यावर बेतलेली सनकॅल्क डॉट ऑर्ग. सावलीची सोय दुसरीत आहे, म्हणून मी तीच वापरते.

शाळेतल्या झेंड्याच्या खांबावर आम्ही ती चालवतो. सहा मीटरचा खांब धरला तर डिसेंबरात भरदुपारी सूर्य सगळ्यात उंच असतानाची सावली सव्वापाच मीटरच्या आसपास येते. मुलं टेप घेऊन मैदानात धावतात आणि मोजून परत येतात. त्यात आणखी एक गोष्ट हाती लागते. सूर्य सगळ्यात उंच येण्याची वेळ बाराची नाही, साताऱ्यात ती साडेबाराच्या सुमारास असते. का? कारण आपलं घड्याळ ८२ अंश ३० मिनिटे पूर्व रेखावृत्तावर लावलेलं आहे आणि सातारा ७४ अंशांवर आहे. साडेआठ अंश गुणिले चार मिनिटं, झाली चौतीस. प्रमाणवेळ आणि स्थानिक वेळ यांचं गणित दहावीला मार्कांसाठी घोकतात, इथे ते सावलीतून निघतं. शून्य सावलीचा दिवसही, म्हणजे सूर्य बरोबर डोक्यावर येऊन सावली पायाखाली नाहीशी होते तो दिवस, हिच्यावर शोधता येतो. साताऱ्याचा पहिला १०-११ मेला येतो, तेव्हा शाळेला सुट्टी असते, आणि दुसरा ऑगस्टच्या अगदी सुरुवातीला येतो, तेव्हा आभाळ भरलेलं असतं. म्हणून मेमधला दिवस मी मुलांना सुट्टीचा उद्योग म्हणून देते. तांब्या उलटा ठेवा आणि फोटो काढा, एवढंच काम.

आणि मग कोल्हापूरचा किरणोत्सव. अंबाबाईच्या देवळात मावळत्या सूर्याची किरणं ९, १० आणि ११ नोव्हेंबरला, आणि पुन्हा ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला गाभाऱ्यात शिरतात. पहिल्या दिवशी चरणांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर, असा क्रम सांगितला जातो. बातमी सगळ्यांनी वाचलेली असते, घरातलं कोणीतरी जाऊनही आलेलं असतं. या दोनच तारखा का, हे मात्र कोणी विचारलेलं नसतं. सनकॅल्कवर देवळावर खूण ठेवा आणि १० नोव्हेंबरच्या सूर्यास्ताची रेषा पाहा. पश्चिमेपासून दक्षिणेकडे साधारण अठरा अंश सरकलेली, महाद्वाराच्या अंगाने रंकाळ्याच्या बाजूला जाणारी. आता तारीख १ फेब्रुवारी करा. रेषा जवळपास जागची हलत नाही! मधल्या काळात तारीख सरकवत गेलं की ती आणखी दक्षिणेकडे जाते, २१-२२ डिसेंबरला टोक गाठते आणि तिथून परत फिरते. त्या टोकापासून १० नोव्हेंबर आणि १ फेब्रुवारी दोन्ही साधारण एकेचाळीस-बेचाळीस दिवसांवर आहेत. देवळाची उभारणी करणाऱ्यांना सूर्याचं हे जाणं-येणं किती नेमकं ठाऊक होतं, हे त्या एका रेषेत दिसतं. मला हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवलं होतं आणि अजूनही दर नोव्हेंबरात दाखवते.

उपग्रहचित्राचा थर चालू केला की त्या रेषेखालची घरं, इमारती दिसतात. किरणांच्या वाटेतल्या बांधकामांचा प्रश्न वर्तमानपत्रांत दरवर्षी येतो. नकाशावर ती वाट पाहिल्यावर मुलं त्यावर स्वतःहून बोलतात. साइटला इमारतींची उंची कळत नाही, तेव्हा कुठली भिंत आडवी येते हे ती सांगणार नाही. दिशा मात्र चोख सांगते.

वाऱ्यापावसाच्या साइट दोन आहेत आणि त्यांच्यात लोक गल्लत करतात. ‘अर्थ नलस्कूल’ ही कॅमेरन बेकारिओ यांनी २०१३ मध्ये केलेली. काळ्या पार्श्वभूमीवर फिरता येणारा गोल आणि त्यावर सतत वाहणाऱ्या वाऱ्याच्या रेषा. कोपऱ्यातला मेनू उघडला की सगळी बटणं दिसतात. जुलैतली एखादी तारीख घ्या, उंचीमध्ये ८५० हेक्टोपास्कल निवडा, म्हणजे समुद्रसपाटीपासून साधारण दीड किलोमीटर वरचा वारा दिसेल. दक्षिण गोलार्धातले आग्नेय व्यापारी वारे विषुववृत्त ओलांडतात, आफ्रिकेच्या सोमालियाच्या किनाऱ्याजवळ उजवीकडे वळतात आणि अरबी समुद्रावरून सरळ आपल्या सह्याद्रीवर येऊन आदळतात. नैर्ऋत्य मोसमी वारे कसे तयार होतात याची पुस्तकातली आकृती बाणांची असते, इथे ते बाण चालताना दिसतात. मग जानेवारी घ्या, सगळं उलटं. आपण जे दृश्य लावू त्याचा सगळा तपशील पत्त्यातच साठतो, त्यामुळे जुलैची आणि जानेवारीची लिंक मी आधीच जपून ठेवते आणि तासाला दोन क्लिकमध्ये काम होतं. ही सोय साधी वाटते, पण पस्तीस मिनिटांच्या तासात तिची किंमत फार.

‘विंडी’ रोजच्या वापराची. चेक उद्योजक इव्हो लुकाचोविच यांनी २०१४ मध्ये सुरू केलेली. गावावर क्लिक केलं की पुढच्या दिवसांचा वारा, पाऊस, तापमान तक्त्यात मिळतं. मोफत आवृत्तीत अंदाज तीन-तीन तासांचा असतो, तासातासाचा हवा असेल तर पैसे. तिचा मोठा गुण असा की एकाच जागेसाठी युरोपचं आणि अमेरिकेचं, अशी हवामानाचा अंदाज काढणारी वेगवेगळी गणिती प्रारूपं शेजारी शेजारी पाहता येतात. दोन्ही एकच सांगत असतील तर भरवसा वाढतो, दोघांत तफावत असेल तर जपून. आमच्याकडे पालकसभेला येणारे स्ट्रॉबेरी आणि आल्याचे शेतकरी फवारणीच्या आधी वारा पाहायला विंडी उघडतात. त्यांना मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगते. युरोपच्या प्रारूपाची जाळी नऊ किलोमीटरच्या चौकटींची आहे. आमच्या जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. इतक्या उतरत्या पावसाच्या प्रदेशात एका चौकटीचा एक आकडा आपल्या शिवाराला तंतोतंत लागू होईलच असं नाही. इशारा मात्र भारतीय हवामान विभागाचाच पाहायचा, पिवळा, नारिंगी की लाल. आणि विजांसाठी पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं ‘दामिनी’ हे ॲप फोनमध्ये हवंच. शेतात काम करणाऱ्या प्रत्येक घरात ते असावं, यावर मी अडून बसते.

दहावीच्या भूगोलाचं सगळं पुस्तक भारत आणि ब्राझील या दोन देशांच्या तुलनेवर बेतलेलं आहे, हे पालकांना ठाऊक असेल. त्यासाठी ‘द ट्रू साइझ’ ही साइट अगदी नेमकी आहे. देशाचं नाव इंग्रजीत टाकलं की त्याचा रंगीत आकार नकाशावर येतो आणि तो उचलून कुठेही ठेवता येतो. भारत उचलून ब्राझीलवर ठेवा. आपले ३२.८७ लाख चौरस किलोमीटर त्यांच्या सुमारे ८५ लाखांत कसे बसतात हे दिसतं, अडीचपटीहून मोठा म्हणजे किती हे वेगळं सांगावं लागत नाही. मग भारत वर ग्रीनलँडपाशी न्या. जसजसा उत्तरेला जाईल तसतसा तो पसरत जातो. वेबवरचे बहुतेक नकाशे मर्केटरच्या १५६९ च्या प्रक्षेपणावरून, म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर मांडण्याच्या पद्धतीवरून, आलेले. त्यात ६० अंश अक्षवृत्तावर लांबी दुप्पट आणि क्षेत्रफळ चौपट दिसतं. ग्रीनलँड खरं तर २१.६६ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे भारत त्याच्या दीडपट. वर्गातल्या भिंतीवरच्या नकाशाकडे पोरं त्यानंतर जरा संशयाने पाहायला लागतात, आणि मला तेच हवं असतं.

ब्राझीलसाठीच ‘रेडिओ गार्डन’ही. ही २०१६ मध्ये ॲमस्टरडॅममध्ये तयार झाली. पृथ्वीचा गोल, त्यावर हिरवे ठिपके, प्रत्येक ठिपका म्हणजे कुठल्या तरी गावचं रेडिओ केंद्र. गोल फिरवून ठिपका मधल्या वर्तुळात आणला की तिथलं आत्ता चालू असलेलं प्रसारण लागतं. दोन केंद्रांच्या मध्ये जुन्या रेडिओसारखी खरखरही येते. सकाळी अकराच्या तासाला मी साओ पावलो लावते आणि विचारते, तिथे आत्ता किती वाजले असतील? साडेआठ तास मागे, म्हणजे रात्रीचे अडीच. मग मनौस, तिथे दीड. पोर्तुगीज कानावर पडते, मध्येच फुटबॉल हा शब्द ओळखू येतो. ही जरूर वापरा, पण वर्गात दहा मिनिटांच्या वर नको, नाहीतर गाण्यांचाच तास होतो. घरी मात्र माझ्या सासूबाई दुपारी ती लावून निवांत बसतात.

‘एन्शंट अर्थ’ ही इयन वेबस्टर यांची साइट मी दख्खनच्या पठारासाठी ठेवली आहे. गावाचं नाव टाका, वर्षं निवडा आणि ते गाव तेव्हा पृथ्वीवर कुठे होतं ते पाहा. अगदी ७५ कोटी वर्षांपर्यंत मागे जाता येतं. मी साताऱ्यासाठी ६.६ कोटी वर्षं निवडते. भारत आशियापासून तुटलेला, विषुववृत्ताच्या दक्षिणेला, समुद्रात एकटा. त्याच काळात लाव्हाचे थर एकावर एक साचले आणि आपला अजिंक्यतारा, सज्जनगड, सगळा सह्याद्री ज्या बेसॉल्टचा आहे तो खडक तयार झाला. साइटवर आकडे मिलियनमध्ये आहेत. त्यांचे कोटी करण्याचं काम मुलांनाच द्यावं. इतक्या जुन्या काळातल्या जागा अंदाजे असतात, एवढं सांगून ठेवावं.

मुलं आपणहून खेळतात त्यात ‘जिओगेसर’ आहे. रस्त्यावरचं एक दृश्य दाखवतात आणि ते जगात कुठलं ते नकाशावर ओळखायचं. २०१३ मध्ये स्वीडनच्या अँटन वॉलेन यांनी तो केला. पाट्यांवरची लिपी, गाड्या रस्त्याच्या कुठल्या बाजूने जातात, झाडं कुठली, सावली कुठल्या दिशेला, हे सगळं बघायची सवय लागते. पण नीट खेळायचा तर वर्गणी भरावी लागते आणि शाळेला ते परवडत नाही. मोफत पर्याय म्हणून मी नुसती गुगलची स्ट्रीट व्ह्यूच उघडते. २०२२ पासून ती आपल्याकडे आली आणि पहिल्या दहा शहरांत मुंबई, पुणे, नाशिक आणि तेव्हाचं अहमदनगर होतं. एका मुलाने चौक दाखवायचा आणि बाकीच्यांनी शहर ओळखायचं.

गुगल अर्थच्या ‘टाइमलॅप्स’बद्दल लोक फार भरभरून बोलतात. ते योग्यच आहे. १९८४ पासूनची उपग्रहचित्रं जोडून केलेला चलत्पट, अरल समुद्र आटताना पाहून अंगावर काटा येतो. आमच्या मुलांना त्याहून जास्त भिडतं ते हिंजवडी. घरटी एखादा दादा किंवा ताई तिथे नोकरीला असते. शेतांचे हिरवे तुकडे बघता बघता छपरांचे पांढरे होतात आणि कोणीतरी हळूच विचारतं, “बाई, मग ती शेतं कोणाची होती?” त्या प्रश्नावर एक अख्खा तास मी दिला आहे आणि पुन्हा देईन.

एक गोष्ट शिक्षकांनी आणि पालकांनी डोळ्यांत तेल घालून पाहावी. यातल्या बऱ्याच साइट परदेशी आहेत आणि जम्मू-काश्मीर, लडाख, अरुणाचलपाशी त्यांच्या सीमारेषा आपल्या अधिकृत नकाशाशी जुळत नाहीत. भारताची सीमा शिकवताना किंवा मुलांकडून नकाशा भरून घेताना आधार सर्व्हे ऑफ इंडियाचाच घ्यायचा. त्यांच्या संकेतस्थळावर नकाशे मिळतात, स्थलनिर्देशक नकाशेही उतरवून घेता येतात. प्रोजेक्टरवर चुकीची रेषा दिसली तर ती लपवू नका, दाखवा, आणि शेजारी अधिकृत नकाशा उघडा.

आपल्याला स्वतःला काही भरता येतं असा नकाशा म्हणजे ओपनस्ट्रीटमॅप. २००४ मध्ये इंग्लंडच्या स्टीव्ह कोस्ट यांनी सुरू केलेला, जगभरच्या लोकांनी मिळून काढलेला नकाशा. इथे फुकट खातं उघडावं लागतं. मग आपल्या वाडीचा रस्ता, पाणंद, ओढा, देऊळ, विहीर काढता येते आणि नावाच्या रकान्यात इतर भाषांसाठी जागा असते, तिथे मराठी नाव देवनागरीत लिहिता येतं. आपल्याकडची कितीतरी गावं अजून फक्त रोमन अक्षरांत आहेत आणि वाड्यावस्त्या तर नाहीतच. ज्याला वेळ आहे, फोन आहे आणि आपल्या भागाची माहिती आहे, त्याने हे काम करावं अशी माझी कळकळीची विनंती आहे. दोन नियम पाळायचे. दुसऱ्या कुठल्या नकाशावरून नाव उतरवून घ्यायचं नाही, कारण ते ओपनस्ट्रीटमॅपच्या परवान्यात बसत नाही. आणि नाव लिहिण्याआधी गावातल्या जुन्या माणसांना विचारायचं.

याच नकाशावर आधारलेलं ‘यूमॅप’ शाळेसाठी सोपं आहे. रिकाम्या नकाशावर आपल्या खुणा ठेवायच्या, त्यांना रंग, फोटो, माहिती द्यायची आणि लिंक सगळ्यांना पाठवायची. आमच्या नववीने परिसरातल्या पाण्याच्या जागांचा नकाशा केला. लिंबच्या बारामोटेच्या विहिरीपासून वाडीतल्या आडापर्यंत. पाणी कधी आटतं, कोण भरतं, मोट कधी बंद पडली हे मुलांनी आजी-आजोबांना विचारून लिहिलं. मुलांच्या घरांच्या खुणा मात्र मी ठेवू देत नाही, लिंक कोणाच्याही हातात पडू शकते. आणि संपादनाची गुप्त लिंक फक्त बाईंकडे.

नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी थोडं साहित्याबद्दल. सनकॅल्क, नलस्कूल आणि विंडी साध्या फोनवरही छान चालतात, रेडिओ गार्डनचं ॲप आहे. रिव्हर रनर आणि टाइमलॅप्सला संगणक हवा. त्यांची दृश्यं आदल्या दिवशी घरी स्क्रीन रेकॉर्ड करून ठेवली तर नेट गेलं तरी तास अडत नाही. जवळपास सगळं इंग्रजीत आहे, म्हणून प्रत्येक साइटसाठी मी अर्ध्या पानाचा मराठी कागद करते: कुठलं बटण कशाचं, गावाचं इंग्रजी स्पेलिंग काय आणि शोधायचे तीन प्रश्न. तो कागद हातात असला की आठवीतली मुलंसुद्धा मला न विचारता पुढे जातात. एखाद्याच साइटने सुरुवात करायची असेल तर सनकॅल्कने करा. खांब, टेप आणि ऊन प्रत्येक शाळेत असतंच.